तेवढा एक रिपोर्ट टाकून द्या

"तेवढा एक रिपोर्ट टाकून द्या" हे वाक्य बसून कुणी बोलत नाही. सॉफ्टवेअरचं प्रात्यक्षिक झालेलं असतं, चहा झालेला असतो, लॅपटॉप बॅगेत आणि बॅग खांद्याला गेलेली असते. दारापर्यंत पोचवायला आलेले मॅनेजर एक हात दाराच्या कडीवर ठेवतात आणि आमटीत चिमूटभर मीठ टाकायला सांगावं अशा सुरात म्हणतात, "बाकी सगळं उत्तम आहे हो. तेवढा एक रिपोर्ट टाकून द्या, म्हणजे झालं." त्या 'म्हणजे झालं'नंतर चांगलं वर्षभर काम चालतं.

कागदोपत्री पाहिलं तर त्यांचं काही चुकत नाही. आमच्याच कोटेशनमध्ये एन्ट्रीचे स्क्रीन, पासवर्ड, बॅकअप, प्रशिक्षण यांना पानंच्या पानं दिलेली असतात, आणि शेवटी, 'जीएसटी वेगळा' याच्या जरा अलीकडे, एक ओळ असते: 'आवश्यक ते सर्व अहवाल'. या चार शब्दांत किती पोरांच्या दिवाळ्या गेल्या, याची नोंद कुठल्याही अहवालात सापडणार नाही.

सॉफ्टवेअर आत काय करतं ते बघायला तालुक्याच्या पतसंस्थेचे चेअरमन कधी लॉगिन करत नाहीत. त्यांना पासवर्ड दिलेला असतो. तो क्लार्कच्या डायरीत असतो. चेअरमनसाहेबांना सॉफ्टवेअर भेटतं ते कागदावर. डेटाबेसची रचना कितीही देखणी असो, कागदावर संस्थेचं नाव मधोमध नसेल तर 'हे काही खरं नाही' असा निकाल लागतो. नाव मधोमध आलं की त्याखाली पत्ता, त्याखाली नोंदणी क्रमांक, डावीकडे बोधचिन्ह, उजवीकडे संस्थापकांचा फोटो. संस्थापक गोल चौकटीत हवेत, कारण चौकोनी चौकटीत ते अर्जदारासारखे दिसतात. एवढं झाल्यावर पानावर जी जागा उरते तिच्यात आकडे बसवायचे.

कंपनीतही या कामाला मान नाही. क्लाउडवाले, मोबाइलवाले, हल्लीचे एआयवाले यांची ऊठबस वरच्या मजल्यावर. रिपोर्ट एक तर नव्या पोराकडे जातो, नाही तर ज्याला नाही म्हणता येत नाही त्याच्याकडे. मी दुसऱ्या वर्गात मोडतो.

वास्तविक आमचं घराणं जुनं आहे. आयबीएमनं १९५९ साली १४०१ हा संगणक आणला आणि त्याच्यासाठी 'रिपोर्ट प्रोग्रॅम जनरेटर' नावाची आख्खी भाषा काढली. गिऱ्हाइकाला संगणकाकडून काय हवं होतं, ते पहिल्यापासून इतकं स्पष्ट होतं. चंद्रावर जायचं गणित नंतर, आधी पगारपत्रक. त्या यंत्राच्या जोडीला १४०३ हा प्रिंटर होता, मिनिटाला ६०० ओळी आणि ओळीत १३२ अक्षरांपर्यंत छापणारा. हे १३२ पुढं आमच्याही मानगुटीवर बसलं. फॉक्सप्रोच्या जमान्यात गिऱ्हाइकाची ऐपत ८० कॉलमच्या डॉट मॅट्रिक्स प्रिंटरची असे आणि हौस १३२ कॉलमच्या यादीची. या दोहोंचा मेळ घालायला प्रिंटरला गुपचूप एक आज्ञा द्यायची: कॅरॅक्टर १५. ती मिळाली की अक्षरं आकसून जवळजवळ उभी राहत. यादी संपली की कॅरॅक्टर १८ पाठवून त्यांना पुन्हा माणसात आणायचं. हे १८ कुणी विसरलं, की यादीपाठोपाठ छापलेलं चेअरमनसाहेबांचं दिवाळीचं शुभेच्छापत्र मुंगीच्या अक्षरांत बाहेर पडे आणि सभासदांना वाटे, यंदा लाभांशही असाच बारीक असणार.

त्या काळच्या रिपोर्टांची एक गोष्ट मात्र आजच्या कुठल्याही तंत्रज्ञानाला साधलेली नाही. ते पाठकोरे असत. पुण्या-नाशकाकडच्या कित्येक मुलांनी आपली त्रैराशिकं थकबाकीदारांच्या याद्यांच्या मागं सोडवली. वडील बँकेत असलेल्या मुलाकडे कडेला भोकं असलेले रुंद कागद असायचे आणि वर्गात त्याचा रुबाब असायचा. पान उलटलं की कुणाचं किती थकलंय तेही कळायचं. गोपनीयतेचा कायदा तेव्हा नव्हता. गरजही नव्हती, कारण गावात ते सगळ्यांना माहीतच असायचं.

मग विंडोज आलं, आणि रिपोर्ट हातानं लिहायचे दिवस गेले. कॅनडात, व्हँकूव्हरला, हिशेबाच्या सॉफ्टवेअरचं काम करणाऱ्या एका छोट्या कंपनीला मनासारखं रिपोर्टचं साधन मिळेना, म्हणून त्यांनी स्वतःच एक लिहिलं. त्याचं पुढं क्रिस्टल रिपोर्ट्स झालं. १९९३ पासून मायक्रोसॉफ्टच्या व्हिज्युअल बेसिकबरोबर ते फुकट मिळू लागलं आणि आपल्याकडच्या गल्लोगल्लीच्या सॉफ्टवेअरमध्ये जाऊन बसलं. या क्रिस्टलची कुंडलीही बघण्यासारखी आहे. १९९४ मध्ये ती सीगेटच्या घरात गेली, म्हणजे हार्ड डिस्क बनवणाऱ्यांच्या. (हे स्थळ मला अगदी अनुरूप वाटतं. रिपोर्टनं डिस्क भरायची, त्यांनी नवी विकायची.) २००३ मध्ये बिझनेस ऑब्जेक्ट्सनं तिला पदरी घेतलं, आणि २००७ मध्ये बिझनेस ऑब्जेक्ट्ससकट सगळं बिऱ्हाड सॅपनं उचलायचं ठरवलं. दरम्यान २००१ मध्ये रुमानियाच्या तेओडोर डान्चू यांना कामासाठी रिपोर्टची साधनं तपासायला सांगण्यात आलं. किमती ऐकून त्यांनी तपासणी आवरती घेतली आणि घरी बसून जास्पररिपोर्ट्स लिहायला घेतलं. ते जावावाल्यांचं झालं. २००४ मध्ये मायक्रोसॉफ्टनं स्वतःचं रिपोर्टिंग सर्व्हिसेस काढलं. म्हणजे प्रत्येक प्लॅटफॉर्मचा आपापला कुलदेव, आणि एकाचा नैवेद्य दुसऱ्याला चालत नाही. विंडोजवरचा रिपोर्ट वेबवर न्यायचा तर पुन्हा पहिल्यापासून मांडायचा. वेबवरचा मोबाइलवर न्यायचा तर तिसऱ्यांदा.

गिऱ्हाइकाला याच्याशी कर्तव्य नसतं. नव्या प्लॅटफॉर्मवर जायचं ठरतं त्या बैठकीत सुरक्षेवर तासभर चर्चा होते आणि रिपोर्टवर एकच ठराव होतो: "रिपोर्ट आत्ता आहेत तसेच पाहिजेत." तसेच म्हणजे किती तसेच? एका संस्थेत मॅनेजरनी जुना कागद आणि नवा कागद एकावर एक धरले, दोन्ही ट्यूबलाइटसमोर नेले आणि डोळे बारीक करून पाहिले. "नोंदणी क्रमांक थोडा उजवीकडे सरकलाय," ते म्हणाले. सरकला होता खरा. सर्व्हर बदलला, भाषा बदलली, डेटाबेस बदलला, तीन कंपन्या बदलल्या. त्यांनी नोंदणी क्रमांकाचं सरकणं पकडलं.

याला हट्ट म्हणायचा मोह होतो, पण खुद्द शासनाचं काय वेगळं आहे? तलाठ्याच्या दप्तरातले गाव नमुने एकवीस. त्यातला सातवा आणि बारावा एका कागदावर आला की सातबारा होतो. तो हाताचा होता, मग संगणकाचा झाला, मग ऑनलाइन आणि डिजिटल सहीचा झाला. पण सात वर आणि बारा खाली, ही मांडणी कुणाच्या बापाला हलवता आलेली नाही. आता घरबसल्या उतारा काढणारा शेतकरीही मोबाइलमध्ये आधी तो कागदच शोधतो. कागदासारखा दिसला नाही तर त्याला तो खोटा वाटतो, आणि त्याला तसं वाटण्यात मला काही वावगं दिसत नाही.

खरी गंमत आहे ती पुढं. ही सगळी परदेशी साधनं पट्ट्यांवर चालतात. वर शीर्षकाचा पट्टा, मग पानाच्या डोक्याचा, मग मजकुराचा, मग बेरजेचा, शेवटी पायाचा. मजकुराचा पट्टा दर नोंदीला एकदा छापला जातो आणि रिपोर्ट वरून खाली वाढत जातो. या मंडळींच्या डोळ्यांपुढं यादी असते. आपल्याकडची कीर्द ही यादी नव्हे. तिच्यात डाव्या हाताला जमा आणि उजव्या हाताला नावे. ताळेबंदात डावीकडे भांडवल व देणी, उजवीकडे जिंदगी व येणी. दोन्ही बाजू आपापल्या गतीनं खाली उतरतात, एकमेकींकडे बघतसुद्धा नाहीत, आणि तरीही तळाशी दोन्ही बेरजा एकाच ओळीत, एकाच उंचीवर, अगदी पैशापर्यंत सारख्या यायला हव्यात.

पट्टेवाल्या साधनाला हे सांगून बघा. आम्ही पोटात दोन उपरिपोर्ट घालतो, डावा आणि उजवा. भागभांडवल, राखीव निधी, ठेवी, देणे व्याज असं म्हणत डावा एका पानात आटोपतो. उजव्याला रोख शिल्लक, बँक शिल्लक, गुंतवणूक करत करत कर्जं लागतात. कर्जांचे प्रकार, मग फर्निचर, त्याचा घसारा, मग संगणक, त्याचा घसारा. तो दुसऱ्या पानावर जातो. बेरीज कुठं छापायची? डावीची पहिल्या पानावर आणि उजवीची दुसऱ्या पानावर छापली तर ऑडिटर म्हणणार, ताळेबंद जुळत नाही. आकडे जुळतात, पानं जुळत नाहीत. हे साधनाला पटवून द्यायला रात्री जातात.

हे जमवून आम्ही एका पतसंस्थेत गेलो. तिथले जुने अकाउंटंट, सगळे त्यांना भाऊसाहेब म्हणत, त्यांनी कागद हातात घेतला. डावी बाजू आखूड होती, म्हणून तिच्या खाली आणि बेरजेच्या वर वितीएवढी जागा मोकळी होती. भाऊसाहेबांनी त्या जागेवर बोट ठेवलं.

"हे काय?"

"मोकळी जागा आहे, भाऊसाहेब. नोंदी संपल्या तिथं."

"मग तिरकी रेघ कुठाय?"

हाताच्या वह्यांत अशी जागा राहिली की लेखनिक तिच्यावर कोपऱ्यापासून कोपऱ्यापर्यंत तिरकी रेघ मारतो, म्हणजे मागाहून कुणी तिथं काही घुसडायला नको. मी म्हटलं, हे कॉम्प्युटरचं आहे, यात मागाहून कुणी काही घालू शकत नाही. भाऊसाहेबांनी शांतपणे खिशातलं पेन काढलं, मोकळ्या जागेत 'किरकोळ देणी' असं सुरेख अक्षरात लिहिलं, पुढं एक रक्कम टाकली, आणि कागद माझ्यापुढं सरकवला. छापील अक्षराच्या शेजारी ते जरा जास्तच खरं दिसत होतं.

आता तिरकी रेघ. साधनात रेघ असते, तिरकीही असते. पण ती किती उंच हे आधी सांगावं लागतं. इथं उंची दर वर्षी वेगळी. जागा किती उरेल हे डावी आणि उजवी दोन्ही संपेपर्यंत कळत नाही, आणि कळतं तेव्हा पट्टा छापून झालेला असतो. ऑनलाइन मदत शोधायला गेलं तर 'मोकळ्या जागेत तिरकी रेघ मारायची' ही समस्या जगात कुणालाच नसल्याचं दिसून आलं. शेवटी आमच्यातल्या एका मुलीनं दोन्ही बाजूंच्या ओळी आधी मोजून, फरकाएवढ्या उंचीचं रेघेचं चित्र ऐनवेळी बनवून तिथं चिकटवायची युक्ती काढली. सॉफ्टवेअरच्या त्या आवृत्तीत आम्ही पुष्कळ काही नवं दिलं होतं. भाऊसाहेबांनी फक्त रेघ पाहिली आणि म्हणाले, "आता झालं बघा कॉम्प्युटरायझेशन."

मराठीचं प्रकरण याहून जुनं दुखणं. आधी निरनिराळे फॉन्ट होते आणि दर फॉन्टचा कीबोर्ड वेगळा. ज्या मशीनवर तो फॉन्ट नसेल तिथं सभासदांची यादी इंग्रजीतल्या शिव्यांसारखी दिसे. युनिकोड आलं आणि वाटलं, सुटलो. स्क्रीनवर सुटलो होतो. कागदावर जायच्या वाटेत पीडीएफ होतं. आपण 'कि' लिहितो तेव्हा मशीन आत आधी क आणि मग वेलांटी ठेवतं. दाखवताना वेलांटी उचलून डावीकडे आणावी लागते. पीडीएफ बनवणाऱ्या जुन्या यंत्रणेला हे शिष्टाचार कुणी शिकवले नव्हते. ती वेलांटी जिथं सापडली तिथंच ठेवून द्यायची. त्यामुळं किरण हे करिण झाले, विमलताई वमिलताई झाल्या आणि निखिल तर नखिलि होऊन रशियात गेला. जोडाक्षरांचे पाय मोडून शेजारी ठेवलेले असत. वार्षिक सभेच्या अहवालात दिवंगत सभासदांना श्रद्धांजली छापायची होती. तो पीडीएफ पाहिला आणि वाटलं, गेलेल्यांना तरी सोडा.

यावर आज जो उपाय चालतो तो सांगितला तर बाहेरच्या माणसाचा विश्वास बसत नाही. मराठी नीट दाखवता येतं ते ब्राउझरला. म्हणून सर्व्हरवर एक अदृश्य क्रोम बसवायचा. त्याला खिडकी नाही, पडदा नाही, समोर माणूस नाही. रिपोर्टचं पान तो अंधारात उघडतो, स्वतःशीच वाचतो, पीडीएफ करून बाहेर देतो आणि मिटतो. २०१७ पासून क्रोममध्ये ही सोय अधिकृत आहे. म्हणजे रिपोर्टसाठी एवढी साधनं निर्माण झाली, विकली गेली, विकत घेणारे विकले गेले, आणि वमिलताईंना विमलताई करायला अखेर एक ब्राउझर कामी आला.

रुपयाचीही तीच तऱ्हा. केंद्र सरकारनं १५ जुलै २०१० रोजी नवं चिन्ह मान्य केलं. युनिकोडमध्ये त्याला त्याच वर्षी ऑक्टोबरात जागा मिळाली, आणि लोकांच्या मशीनवरच्या फॉन्टांपर्यंत ते पोचायला आणखी वेळ लागला. गिऱ्हाइकाच्या मागणीत मात्र ते जुलैतच पोचलं होतं. मधल्या काळात एक फुकट फॉन्ट फिरत होता. कीबोर्डवर एकच्या आकड्याशेजारची, जन्मात कुणी न दाबलेली कळ दाबली की त्यात रुपया उमटायचा. तो फॉन्ट नसलेल्या मशीनवर त्याच जागी एक तिरका फराटा यायचा. एका दूध संघानं आपल्या उत्पादकांना काही काळ फराट्यांत पेमेंट केलं. कुणाची तक्रार आली नाही. आकडा बरोबर होता.

आकडाही सहजी बरोबर येतो असं नाही. साहेबांच्या साधनाला हजार कळतात, मिलियन कळतात. लाख कळत नाहीत. स्वल्पविराम तीन-तीन अंकांवर पडत जातात आणि १२,३४,५६७ चे १,२३४,५६७ होतात. जावाच्या अंगच्या सोयीत तर तीन अंकांवर एकदा आणि मग दोन-दोनवर, ही चाल बसतच नाही. बाहेरून माणूस आणावा लागतो. अक्षरी रक्कम मागितली तर ऊसबिलावर वन मिलियन उमटतं. मराठीत अक्षरी करायची म्हटलं तर एकपासून शंभरपर्यंत प्रत्येक आकड्याला स्वतंत्र नाव आहे, त्यामुळं सूत्र चालत नाही, सगळी यादी हातानं भरायची. ती भरताना लक्षात येतं की ऑफिसातल्या निम्म्या पोरांना एकोणसाठ आणि एकोणसत्तर यांत खात्रीनं फरक करता येत नाही. चेकवर चुकू नये म्हणून आम्ही एका सेवानिवृत्त प्राथमिक शिक्षकांकडून यादी तपासून घेतली. त्यांनी दोन ठिकाणी लाल शाईनं गोल केला आणि खाली सही केली.

बेरजेबद्दल एक गोष्ट सांगायला हवी, कारण ती परदेशी ग्रंथांत नसते. कॉम्प्युटरनं छापलेली बेरीज आपल्याकडे कॅल्क्युलेटरवर करून बघतात. ऑडिटरचा सहायक डाव्या हाताचं बोट कॉलमवरून खाली सरकवतो, उजव्या हातानं बटणं दाबतो, आणि शेवटी मान वर करतो. "एक पैशाचा फरक येतोय." येणारच. शंभर रुपये तिघांत वाटले की प्रत्येकाला ३३.३३ दिसतात, तिघांचे होतात ९९.९९, आणि मशीन खाली १०० छापतं, कारण त्यानं आत ३३.३३३३ धरलेले असतात. हे समजावून सांगता येतं. पण समजावून सांगायला लागलेला माणूस चोर दिसतो. लाखांचा फरक असला तर 'एन्ट्री राहिली असेल' म्हणून सगळे सैल होतात. एका पैशाच्या फरकानं वातावरण तंग होतं. म्हणून आम्ही मशीनला आतूनच पैशापर्यंत तासायला लावतो आणि उरलेला पैसा शेवटच्या माणसाच्या नावावर टाकतो. कुठल्याही यादीत शेवटी नाव असण्याचा एवढा एक फायदा आहे.

ऑफिसातल्या मशीनवर रिपोर्ट निर्दोष दिसतो, आणि गिऱ्हाइकाच्या सर्व्हरवर गेला की त्याच्या अंगात येतं. तिथं मराठी फॉन्ट नसतो, म्हणून नावांच्या जागी ओळीनं चौकोनी डबे येतात. तिथं प्रिंटर जोडलेला नसतो, आणि काही साधनांना अक्षराची रुंदी प्रिंटरला विचारल्याशिवाय ठरवता येत नाही. छापायचं नसलं तरी. कागद कुणी लेटर धरलेला असतो, आपला असतो ए-फोर, उंचीला जवळजवळ पाऊण इंचानं मोठा. एका साधनात मजकुराची रुंदी आणि दोन्ही बाजूंचे समास मिळून कागदापेक्षा केसभर जास्त झाले की दर पानामागे एक कोरं पान छापून येतं. आम्ही ते दुरुस्त केलं तेव्हा एका शाखेतून शिपायाचा फोन आला की कोरी पानं यायची बंद का झाली, झेरॉक्सला उपयोगी पडत होती. आणखी एका नावाजलेल्या साधनात एका वेळी पंचाहत्तर कामांची मर्यादा गुपचूप बसवलेली होती. ती ओलांडली की पडद्यावर सभ्य इंग्रजीत संदेश येई, की तुमच्या सिस्टिम अ‍ॅडमिनिस्ट्रेटरनं ठरवलेली मर्यादा संपली आहे. मार्चअखेर होती. त्या संस्थेत सिस्टिम अ‍ॅडमिनिस्ट्रेटर म्हणजे बीकॉम झालेला एक भला मुलगा होता. त्यानं आयुष्यात कुणाची मर्यादा ठरवली नव्हती. दिवसभर सगळी शाखा त्याच्याकडे रागानं बघत होती.

एवढं करून रिपोर्ट देखणा झाला, फॉन्ट बसला, रेघ बसली, की गिऱ्हाईक म्हणतं, "हाच एक्सेलला काढून द्या." एक्सेलला काढल्यावर शीर्षक सात कॉलमांत पसरून एकजीव झालेलं असतं, त्यामुळं सॉर्ट होत नाही. आधार क्रमांकाचं २.३४५६८ई+११ होतं. सभासद क्रमांकापुढची शून्यं गळतात. एक्सेलपुढं मात्र सगळं जग नमतं. काही जनुकांच्या नावांत मार्च आणि सप्टेंबरची आद्याक्षरं येत. एक्सेल त्यांच्या तारखा करून टाकी. २०२० मध्ये शास्त्रज्ञांनी त्या जनुकांचीच नावं बदलली. त्याच वर्षी इंग्लंडच्या आरोग्य यंत्रणेनं जुन्या पद्धतीच्या एक्सेल फाइलीत कोरोना चाचण्यांचे निकाल भरले. त्या फाइलीत ६५,५३६ ओळी मावतात, पुढच्या मुकाट गळतात. १५,८४१ रुग्ण मोजणीतून सुटले. हे पेपरात आलं तेव्हा आमच्याकडच्या एका बँकेच्या मॅनेजरनी मला फोन केला. मला वाटलं, आता तरी हे एक्सेलचा नाद सोडतील. ते म्हणाले, "आपलं नव्या पद्धतीचं आहे ना? त्यात दहा लाखांवर मावतात म्हणे. मग सगळ्या शाखांचं एकाच शीटमध्ये द्या."

हल्ली डॅशबोर्ड आले आहेत. गोल तक्ते, काटे, लाल-हिरवे दिवे. चेअरमनसाहेबांसाठी भिंतीवर मोठा टीव्ही लावून ठेवींचा काटा थरथरता ठेवला, की संचालक मंडळाच्या बैठकीत दोन मिनिटं शांतता होते. मग कुणीतरी विचारतं, "याची प्रिंट निघेल का?" प्रिंट निघते, काळी-पांढरी. लाल आणि हिरवा यांचा एकच करडा होतो आणि बुडीत कर्ज व चालू कर्ज शेजारी शेजारी सारखीच निरोगी दिसतात. मंडळाला तो तक्ता आवडतो.

मागच्या वर्षी एका संस्थेचं सगळं क्लाउडवर नेलं. कागद बंद करायचे असा ठरावच झाला होता. प्रत्येक रिपोर्टच्या तळाशी आम्ही रीतसर ओळ टाकली: 'हा संगणकीय अहवाल असल्याने सहीची आवश्यकता नाही.' पहिलाच दाखला सभासदानं काढला, मॅनेजरनी त्या ओळीवरच सही केली आणि सहीवर गोल शिक्का मारला, कारण पुढच्या ऑफिसात सहीशिवाय घेत नाहीत. ओळ शिक्क्याखाली गेल्यानं शिक्का नीट वाचता येईना. मॅनेजरचा फोन आला.

"ती ओळ राहू द्या, नियमाची आहे. पण जरा खाली सरकवा आणि वर सह्यांना जागा करा. लेखनिक, मॅनेजर, सचिव आणि चेअरमन. चौघांची."

"चेअरमनसाहेबांच्या सहीखाली त्यांचं नाव छापू ना?"

"नाव नको," मॅनेजर म्हणाले. "नुसतं 'चेअरमन' छापा. पुढच्या महिन्यात निवडणूक आहे."